शेवटच्या बटणाखालची जागा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे... आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप बंद पडलेली गाडी, आणि लिहिणारा दरवेळी हमखास 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता' म्हणणार. विश्वास नव्हता तर लिहितोस कशाला बाबा, असं मी मोठ्याने म्हणायची. आता मीच लिहायला बसले आहे आणि मला माझीच लाज वाटते आहे. पण विश्वास माझा खरंच नव्हता हो. मी पोफळीच्या कॉलनीत वाढले. बाबा तिथल्या वीजघरात ऑपरेटर. डोंगराच्या पोटात जाऊन ड्यूटी करून यायचे आणि आल्यावर डबा धुवायला टाकून वर्तमानपत्र उघडायचे. आमच्याकडे भुताखेतांना कोणी भीक घातली नाही.

माझ्या अनुभवात घाट नाही, बाई नाही, रात्रसुद्धा नाही. सगळं भर दिवसा घडलंय, रत्नागिरीत, नाचणे रोडच्या आतल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीतून खाली जांभ्याची कंपाउंड वॉल दिसते आणि पलीकडे कोणाची तरी चारपाच हापूसची कलमं. रिटायर झाल्यावर बाबांनी हा फ्लॅट घेतला. मी पुण्याहून इथे का परत आले, माझं लग्न, घटस्फोट वगैरे इथला विषय नाही. मी घरून काम करते. काजू कारखान्यांसाठी जावामध्ये डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिते. आता जावात डेस्कटॉप कोण लिहितं, असं पुण्यातले मित्र विचारतात. मी लिहिते. कारखान्यातले कॉम्प्युटर जुने आहेत, नेट असलं तर असतं, आणि माझे प्रोग्रॅम तिथे वर्षानुवर्षं गुपचूप चालतात.

मागच्या वर्षी गणपती गेले आणि पाठोपाठ बाबांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, आत सगळं आहे, शब्द बाहेर येत नाही. लिहिणंही गेलं — डाव्या हाताने पेन धरायचे आणि नुसत्या रेघा. ऐकलेलं किती कळतं हेही नक्की सांगता येत नाही म्हणाले. साधं सोपं कळतं, लांबण लावली की हरवतं. आयुष्यभर मोजकं आणि नेमकं बोलणारा माणूस... त्यांच्या तोंडातून आता फक्त 'तव तव तव' असा आवाज यायचा. तो आपल्याच तोंडातून येतोय हे त्यांना कळायचं. मग ते तोंड मिटून घ्यायचे आणि खिडकीकडे बघत बसायचे.

म्हणून मी त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. टॅब आणून बघितला होता, पण त्यांचा डावा हात थरथरतो, एका जागी बोट लावायला जायचं तर तीन ठिकाणी लागायचं. माउसचं चाक मात्र त्यांना छान फिरवता यायचं. आयुष्य पॅनेलसमोर बसून गेलेलं, त्यामुळे टेबल-खुर्चीवर बसून स्क्रीनकडे बघणं त्यांना आवडलंही. हॉलमध्ये खिडकीशी माझा जुना डेस्कटॉप मांडला. स्क्रीनवर एकाखाली एक मोठाली बटणं, प्रत्येकावर चित्र — पाणी, चहा, पंखा, बाथरूम, दुखतंय, झोपायचंय, हो, नको. एका वेळी तीनच दिसतील एवढी मोठी. चाक फिरवून खाली जायचं, हवं ते बटण दाबायचं, की माझ्या आवाजात स्पीकर बोलायचा, "पाणी हवंय." पहिल्या दिवशी बाबांनी चहा मागितला आणि आईने रडत रडत चहा टाकला. साखर घालायला विसरली. बाबांनी एक घोट घेतला आणि 'नको' दाबलं. कितीतरी दिवसांनी आम्ही हसलो.

आता पुढचं कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कंटाळू नका. ही बटणं ज्याच्यात ठेवतात त्याला जावात स्क्रोल पेन म्हणतात. समजा, भिंतीला एक लहानशी खिडकी आहे आणि तिच्यामागून एक लांब कागद वर-खाली सरकतो. खिडकी तेवढीच, कागद कितीही लांब. कागद किती लांब हे कोण ठरवतं? तर त्याच्यावरची बटणं. प्रत्येक बटण आपली उंची सांगतं, त्यांची बेरीज झाली की ती कागदाची उंची, आणि खाली कुठपर्यंत जाऊ द्यायचं ते स्क्रोलबार त्याच्यावरून ठरवतो. नवीन पोरं इथे गाढवपणा करतात. स्वतःच हाताने उंचीचा आकडा लिहून मोकळी होतात. मग बटणं वाढली की खालची कापली जातात, कमी झाली की खाली मोकळं मैदान. मी असला आकडा कधीही लिहीत नाही, आणि कोणी लिहिलेला दिसला तर त्याला फोन करून शिव्या घालते. माझा कागद बटणांएवढाच असतो, बोटभरही जास्त नाही.

आणि बाबांच्या स्क्रीनवर तो जास्त होता.

पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "हे सारखे खाली जाऊन काय करतात गो? खाली तर काहीच नाहीये." मी जाऊन बघितलं. 'नको' हे शेवटचं बटण. त्याच्या खाली स्क्रोलबार संपायला हवा होता. तो संपत नव्हता. अजून एक बटण मावेल एवढी राखाडी रिकामी जागा खाली होती, आणि बाबा माउसचा बाण तिच्या बरोबर मधोमध नेऊन टकटक दाबत होते. दाबायचे आणि आमच्याकडे बघायचे. परत दाबायचे.

मला वाटलं, बग. दुसरं काय वाटणार! मी म्हटलं, "थांबा बाबा, दुरुस्त करते," आणि त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवून मी बसले. चाक फिरवलं. 'नको'पाशी स्क्रोल थांबला. रिकामी जागा नव्हती.

बरं. मी उठले, बाबा बसले. जागा होती.

मी तुम्हाला सांगते, या एका गोष्टीपायी मी किती दिवस घातले असतील. कागदावर बटणं किती, असं प्रोग्रॅमलाच विचारायचं कोड टाकलं — बरोबर आकडा. उंची किती — बरोबर उंची. आणि ते बरोबर आकडे छापले जात असताना समोर डोळ्यांना रिकामी जागा दिसत होती. मांडणीचा प्रकार बदलला. बटणांमधलं अंतर काढून टाकलं. सगळं पुन्हा मोजायला लावलं. माउस बदलला, जावाची आवृत्ती बदलली, शेवटी कॉम्प्युटरच बदलला, माझा कामाचा लॅपटॉप आणून ठेवला. मी बसले की बरोबर. आई बसली की बरोबर. बाबा बसले की एका बटणाची जागा जास्त.

निखिल म्हणून माझा पुण्याचा एक मित्र आहे, स्क्रीनच्या मांडणीतला किडा. त्याला मोबाईलवर फोटो काढून पाठवला. तो म्हणाला, "तू चुकून एखादं न दिसणारं बटण टाकलंयस." म्हटलं, सगळं कोड तुला पाठवते, दाखव मला. त्याने बघितलं, त्याच्याकडे चालवलं. दोन दिवसांनी फोन आला. "कोड परफेक्ट आहे. तुझ्याकडे काहीतरी लोच्या आहे." म्हटलं, हो, तेच तर सांगतेय. मग म्हणाला, "काकांना काहीतरी सांगायचंय का?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी प्रोग्रॅममधली चूक शोधत होते आणि बाबा रोज तिथे जाऊन, आमच्या तोंडाकडे बघून, टकटक करत होते. त्यांना हवं असलेलं बटण तिथे नव्हतं. जागा होती, बटण नव्हतं.

मग सुरू झाले आमचे अंदाज. मी बटण बनवायचे, त्या जागेत टाकायचे, आणि विचारायचे, "बाबा, हे का?" पहिलं केलं ते 'बाहेर जायचंय'. व्हीलचेअरवर बसवून भाट्याच्या किनाऱ्यावर नेऊन आणलं. समुद्राकडे त्यांनी बघितलंही नाही. घरी आल्या आल्या खुर्चीकडे हात. चाक फिरवलं, नवीन बटण मागे टाकून खाली गेले... आणि खाली पुन्हा तेवढीच जागा. टकटक. मग 'पोफळी'. 'राजापूर' — तिथे आईचं माहेर आहे, आणि जवळच्या गावात आमचंही घर. 'डॉक्टर'. 'घराची कागदपत्रं'. 'कोणाला तरी फोन कर'. मग माणसांचे फोटो टाकायला सुरुवात केली. काका, आत्या, जुने सहकारी, शेजारी, वारलेली माणसंसुद्धा. प्रत्येक फोटोकडे बाबा नीट बघायचे. काहींवर डोळ्यांत पाणी यायचं. पण थांबायचे नाहीत. सगळे ओलांडून खाली.

आणि प्रत्येक वेळी कागद आमच्यापेक्षा एका बटणाने पुढे. कितीही भरा. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन फिरायचे — यांना काय हवं असेल? भाजी घेताना, कारखान्याच्या माणसाशी बोलताना. एकदा चिडून एकदम वीसएक बटणं टाकली, डोक्यात येईल ते. आंबा, मासे, पाऊस, देव, माफी, बँक, पत्ते, कुत्रा. बाबांनी बिचाऱ्यांनी शांतपणे ती सगळी पार केली, हात दुखेपर्यंत, आणि खाली जाऊन टकटक केलं. मी उठून मोरीत जाऊन रडले.

मधेच आई राजापूरजवळच्या आमच्या गावी जाऊन कौल लावून आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे गावात देवळात देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझा यावरही विश्वास नाही, पण आईला अडवलं नाही. ती एसटीने गेली आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आली. म्हटलं, काय झालं, डावा दिला का?

"देतोय कसला डावा नि उजवा," ती म्हणाली. "गुरव म्हणाला, वहिनी, विचारायचं काय ते सांगा, मी देवापुढे मांडतो. मी म्हटलं, यांच्या मनात काय आहे ते विचारा. तो म्हणाला, असं नाही विचारता येत. हे आहे का, ते आहे का, असं विचारा. मी काय सांगणार गो? आपण काय ते सगळं विचारून बसलोच आहोत ना यांना?"

म्हणजे देवाकडेही आमच्या प्रोग्रॅमचीच दोन बटणं होती. हो आणि नको. प्रश्न आपला आपण आणायचा.

आता त्या दिवशीचं सांगते. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. सकाळभर लाइट नव्हती, ती आल्या आल्या आईने स्वयंपाकघरात मिक्सर लावला, कालवणाचं वाटण करायला. मी माझ्या खोलीत, कानाला हेडफोन, एका काजू कारखान्याच्या मॅनेजरशी प्रिंटरवरून हुज्जत चाललेली. बाबा हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीत. दारं सगळी उघडी.

आणि हेडफोन, मॅनेजरचं बोलणं, मिक्सर, सगळ्यांना भेदून मला बाबांचा आवाज ऐकू आला.

'तव तव' नव्हे. त्यांचा आवाज. पूर्वीचा. ड्यूटीवर निघताना चपला घालता घालता आईला काहीतरी सांगायचे ना, त्या सुरातला. चार-पाच शब्दांचं एक वाक्य असेल. विनवणी नाही, घाबरलेपण नाही, एक साधं काम सांगावं तसं. मला शब्द कळले नाहीत. सूर कळला, बाबा आहेत एवढं कळलं, शब्द नाहीत. मी हेडफोन ओढून काढेपर्यंत ते वाक्य संपलेलं होतं.

मी धावले. आई स्वयंपाकघराच्या दारात, हाताला खोबरं लागलेलं, चेहरा पांढराफटक. मागे मिक्सर नुसताच फिरत होता. ती म्हणाली, "यांनी हाक मारलीनी... स्पीकरमधून." म्हणजे तिनेही ऐकलं होतं. मला भास झाला नव्हता. आणि तुम्ही विचाराल म्हणून सांगते, त्या कॉम्प्युटरवर बाबांच्या आवाजाची एकही फाईल नव्हती. सगळी बटणं माझ्याच आवाजात होती.

बाबा खुर्चीत बसले होते. बाण रिकाम्या जागेवर. आणि त्यांचा चेहरा... वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना इतकं मोकळं बघितलं. घाम आला होता, पण डोळे हसरे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आईच्या तोंडाकडे, परत माझ्या. वाट बघत होते.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत आई पुढे गेली, त्यांच्या खांद्यावर मनगट टेकवलं आणि म्हणाली, "हो हो. कळलं हो. कळलं."

बाबांनी एक मोठा श्वास सोडला. माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "परत एकदा. परत दाबा ना. बाबा, एकदाच." त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातावर थोपटलं, आणि डोळे मिटून मागे टेकले. मी त्यांचा हात उचलून माउसवर ठेवला. त्यांनी तो हळूच काढून घेतला. मग मीच चाक फिरवलं, ते बसलेले असताना. चहा, पाणी, सगळी माणसं, सगळी बटणं... शेवटचं बटण आलं आणि स्क्रोल थांबला. खाली काही नव्हतं. जागा गेली होती. जे दुरुस्त व्हावं म्हणून मी डोकं फोडत होते ते झालं होतं.

मी आईवर ओरडले. "कशाला कळलं म्हणालीस? काय कळलं तुला?"

"वर्षभर तेच म्हणतेय गो मी," ती म्हणाली. "ते तव तव करतात, मी कळलं म्हणते. दुसरं काय म्हणू?"

 स्वयंपाकघरात जाऊन तिने मिक्सर बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "तुला माहीत नाही. तू लहान होतीस. कॉलनीतल्या सगळ्यांच्या घरात एक रीत होती."

तिने सांगितलं ते असं. वीजघरात फोनवर निरोप द्यायची एक पद्धत असते. कुठला स्विच टाकायचा, कुठला काढायचा, हे एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचं. परत म्हटलंन् नाही तर सांगणारा हलायचा नाही, सांगत राहायचा. पण एकदा का पलीकडून 'समजलं' आलं, की विषय संपला. परत सांगायचं नाही. परत सांगितलं तर पलीकडच्याला वाटेल हा दुसरा निरोप, आणि तिथे दुसऱ्या निरोपाने माणूस मरू शकतो. बाबा घरीही तसेच होते म्हणे. दुकानात पाठवताना आईकडून सगळं परत म्हणवून घ्यायचे, आणि ती 'समजलं' म्हणाली की तो विषय त्यांच्यापुरता बंद. आणायला विसरली तर रागावायचे, पण पुन्हा सांगायचे नाहीत.

"मी परत म्हणून नाही दाखवलं," आई म्हणाली. "तरी सोडलंनी त्यांनी. दमले असतील गो. मी कळलं म्हटलं, त्यांना वाटलं पोचलं."

त्या दिवसापासून बाबांनी माउसला हात लावलेला नाही.

आधी मला वाटलं, आवाज त्यांनी काढला, शक्ती गेली, थकलेत. तसं नाही. ते वाट बघतात. मी बाहेर जायला चप्पल घालायला लागले की ताठ होऊन बसतात, डोळ्यांत एक चमक येते. मी भाजी घेऊन परत येते. पिशवीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि चेहरा उतरतो. फोन वाजला की मान वळवतात. आईने कपाट उघडलं की बघत बसतात, ती काय काढतेय ते. तिने साडी काढली की नजर खाली. आम्ही करणार आहोत, आज नाहीतर उद्या, असं पहिले काही आठवडे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. मग ते कमी कमी होत गेलं. आता ते आमच्याकडे बघतात तेव्हा त्या बघण्यात एक प्रश्न असतो, आणि तो वाचायला मला कुठलाही प्रोग्रॅम लागत नाही. सांगितलं होतं ना? मग करत का नाही?

मी त्यांना खरं सांगून बघितलं. समोर बसले, हळूहळू, सोप्या शब्दांत. "बाबा, ऐकू नाही आलं. आईला पण नाही. मिक्सर चालू होता." त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. किती कळलं, देव जाणे. पण त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ते बघणं मी ओळखते. हाताखालचा माणूस काम न करता सबबी सांगायला लागला की ते असं बघायचे. त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही. धीर होत नाही.

आईने त्यांच्या चिपळूणच्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला, काही राहून गेलेलं काम, कोणाला दिलेला शब्द, काही आठवतंय का म्हणून. ते म्हणाले, वहिनी, हा माणूस काही बाकी ठेवणाऱ्यातला नव्हता. आम्ही घरात होतं नव्हतं ते सगळं उपसलं. गावच्या घरी जाऊन आलो. ज्यांची नावं सुचली त्यांना भेटायला बोलावलं. बाबा प्रत्येकाला बघून मान हलवतात, सौजन्याने, आणि मग माझ्याकडे बघतात.

प्रोग्रॅम अजून तसाच चालू ठेवला आहे. रोज सकाळी बाबांना खुर्चीत बसवते, चाक फिरवून बघते. कागद बटणांएवढाच. मी एकदा तो गाढवपणाही करून बघितला — स्वतःच्या हाताने उंचीचा आकडा लिहिला, एका बटणाने जास्त. खाली राखाडी जागा आली. अगदी तशीच दिसत होती. बाबांना दाखवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि खिडकीकडे मान वळवली. माझं हे बनवलेलं मोकळं मैदान त्यांना एका नजरेत कळलं.

तुम्ही कॉमेंटमध्ये लिहाल — मनाचे खेळ, दोघींना एकदम भास, ताण. लिहा. मीही हेच लिहिलं असतं. निखिल म्हणतो, स्पीकरच्या वायरने कुठला तरी रेडिओ पकडला असेल. असेल. मग ती जागा? मी पंधरा वर्षं हे काम करते आहे, स्क्रोल पेन माणूस बघून आपली लांबी बदलत नाही. खरं सांगू, मला ते कोडं सुटलं नाही तरी चालेल. तो आवाज कुठून आला हे कोणी सांगू नका. काय म्हणाला ते कोणाला सांगता आलं तर...

पण ते कोण सांगणार! ऐकायला घरात आम्ही दोघीच होतो.

काल सकाळी मी बाबांची दाढी करत होते. हल्ली रोज मीच करते. एक गाल झाला, दुसऱ्याला साबण लावला, तर त्यांनी डावा हात वर करून माझं मनगट धरलं. जोर बराच होता. मी थांबले. त्यांनी भुवया वर केल्या. सांगितलं ते झालं का?

आई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी मनगट सोडलं नाही, नुसते बघत राहिले. मग मी म्हटलं, "करते हां बाबा. करते."

त्यांनी मान डोलावली, हात खाली घेतला, आणि उरलेली दाढी करायला गाल पुढे केला.